काटा कुणाचा ते आधी सांगा

ऊस तोडून ट्रॉली भरली की आमचे बाबा एक काम न चुकता करतात, कारखान्याच्या वाटेवर एक खाजगी वजनकाटा आहे तिथं ट्रॅक्टर थांबवायला लावतात, आधी तिथं वजन, ती चिठ्ठी शर्टाच्या वरच्या खिशात, आणि मगच कारखान्याचा काटा. दोन्हीत फरक निघाला तरी कारखान्यात कोण ऐकून घेत नाही ती गोष्ट वेगळी. मी एकदा विचारलं कशाला हा खटाटोप, तर म्हणाले, "काटा त्यांचा, साखरेचा उतारा काढणार ते, पावती फाडणार ते. एक तरी कागद आपल्या बाजूचा असू दे की रे."

आता माझं सांगतो. मी बेळगाव जिल्ह्यातल्या एका डिग्री कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. सहा-सात वर्षांमागं मी आणि माझ्या गाईडनी मिळून एक पेपर टाकला होता, डिस्टिलरीचं मळीचं पाणी (पेपरात त्याला स्पेंट वॉश म्हणायचं, गावात नाकाला पदर लावून मळीच म्हणायचं) पातळ करून उसाला दिलं तर जमिनीचं काय होतं यावर. जर्नलच्या पोर्टलवर सबमिशनच्या अगदी शेवटी एक रकाना येतो, कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट, म्हणजे या कामात तुमचा स्वतःचा काही हितसंबंध आहे काय ते. तोवर माणूस पार पिकलेला असतो, रेफरन्स लावून लावून डोळे गेलेले, फिगरचं रेझोल्युशन कमी म्हणून पोर्टलनं दोनदा परत हाकललेलं, रात्रीचे साडेबारा, आणि लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. मी शेजारी बसलेल्या ज्युनियरला विचारलं इथं काय घालायचं. तो म्हणाला, "सर, 'नन' घाला की. सगळे तेच घालतात." घातलं. एका जुन्या पेपरातली ओळ कॉपी केली, लेखकांचे कोणतेही परस्परविरोधी हितसंबंध नाहीत, आणि सबमिट दाबून झोपलो.

खरं त्या ओळीत एक अक्षर खरं नव्हतं. (आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण' सुद्धा होतं, पुण्या-मुंबईच्या वाचकांनी दोन्ही अर्थ घ्यावेत, इथं दोन्ही चालतात.) मळीच्या पाण्याचे टँकर कारखान्यानं फुकट दिले होते. मातीच्या निम्म्या टेस्ट कारखान्याच्याच लॅबमध्ये झाल्या होत्या. गाईड सर त्याच कारखान्याच्या ऊसविकास विभागाला अधूनमधून सल्ला द्यायला जायचे. आणि आमचे बाबा तिथले सभासद, दर दिवाळीला सवलतीच्या दरातली साखर आमच्या घरी येते, आई त्याच पोत्यातली साखर दळून करंज्यात घालते, आणि त्या करंज्या खातखातच मी त्या पेपरचं डिस्कशन लिहिलं होतं. म्हणजे हितसंबंध नाहीत असं लिहिताना तोंडात साखर होती.

मला कुणी काही सांगितलं नव्हतं हं. कारखान्यातून फोन नाही, गाईडचा दबाव नाही. तरी एक गोष्ट घडली ती मलाच नंतर दिसली, जुनी फाईल उघडल्यावर. तिसऱ्या प्लॉटात, जिथं पाणी जास्त दिलं होतं, तिथं जमिनीची क्षारता म्हणजे ईसी चांगलीच चढली होती. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी लिहिलं होतं "ही वाढ चिंताजनक आहे." दुसऱ्यात झालं "ही वाढ लक्षात घेण्याजोगी आहे." छापून आलं तेव्हा वाक्य होतं, "योग्य प्रमाण राखल्यास ही वाढ मर्यादेत ठेवता येते." आकडा टेबलात तोच आहे, तो मी बदलला नाही, खोटं म्हणावं असं एकही वाक्य नाही. पण पोटॅश किती वाढलं यावर पाऊण पान आणि मिठावर एक वाक्य. आता सांगा, हे कुठल्या ऑडिटमध्ये सापडणार आहे?

म्हणून हा लेख लिहायला बसलोय. आपल्याकडं हितसंबंध जाहीर करा म्हटलं की लोकांना वाटतं हा मनुष्य आपल्याला चोर म्हणतोय. स्टाफरूममध्ये विषय काढला तर एक सीनियर सर चिडलेच, "म्हणजे आम्ही पैसे खातो असं म्हणायचंय काय तुम्हाला?" तसं नाहीये हो. हितसंबंध असणं यात काही पाप नाही, जमीन असलेल्या घरातला पोरगा मातीवर काम करणार, साखरेच्या पट्ट्यातला साखरेवर करणार, ते तसंच असतं आणि असावं पण. प्रश्न एवढाच की वाचणाऱ्याला आधी कळलं पाहिजे काटा कुणाचा आहे. मग तो त्याच्या अकलेनं वजन धरेल.

आणि हा विषय आपल्या जिल्ह्याला लांबचा वाटायचं काही कारणच नाही, कारण जगातली या बाबतीतली दोन सगळ्यात गाजलेली प्रकरणं नेमकी आपल्याच दोन पिकांची आहेत, साखर आणि तंबाखू.

साखरेचं आधी. अमेरिकेत साखर उद्योगाची शुगर रिसर्च फाउंडेशन नावाची संस्था होती. १९६५ च्या सुमाराला हृदयरोगाचं मूळ चरबीत की साखरेत असा वाद रंगात होता, आणि साखरेकडं बोट दाखवणारे पेपर यायला लागले होते. या संस्थेनं हार्वर्डच्या संशोधकांना एक आढावा लिहायला पैसे दिले, ६,५०० डॉलर, २०१६ च्या हिशोबानं पन्नास हजार डॉलरच्या आसपास. तो आढावा १९६७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोन भागांत छापून आला, निष्कर्ष काय तर चरबी आणि कोलेस्टेरॉल कमी करा, साखरेविरुद्धचा पुरावा कच्चा आहे. पैसे कुणी दिले याचा उल्लेख नाही. छापायच्या आधी मसुदे संस्थेच्या माणसाला दाखवले गेले होते, त्याला ते आवडले होते. हे सगळं बाहेर कधी आलं? २०१६ ला. बाहेर काढणाऱ्यांत पुढं कोण तर क्रिस्टिन कर्न्स, मूळची दातांची डॉक्टर, जिनं जुन्या पत्रव्यवहाराची खोकी उपसली. दातांच्या डॉक्टरनं साखरेचा माग काढावा हे बाकी मला फार आवडलं.

त्या हार्वर्डवाल्यांची बाजू पण सांगायला पाहिजे, तेव्हा असं जाहीर करायचा नियमच नव्हता. त्या जर्नलनं तो नियम आणला १९८४ ला, अर्नोल्ड रेलमन संपादक असताना. आणि त्या लोकांचं चरबीबद्दलचं मत पैसे मिळायच्या आधीपासून तेच होतं असंही म्हणतात. असेल. माझं पण मळीच्या पाण्याबद्दल आधीपासून बरंच मत होतं. कारखाना बहुतेक वेळा मत विकत घेत नाही, ज्याचं मत आधीच गोड आहे त्याला टँकर पाठवतो.

१९६७ म्हटल्यावर सीमाभागातल्या माणसाच्या डोक्यात दुसरंच काहीतरी वाजतं. त्याच वर्षी महाजन आयोगाचा अहवाल आला. बेळगाव कुणाचं याच्यावरचा तो अहवाल पन्नास-पंचावन्न वर्षं झाली आपण उलटासुलटा करून वाचतोय, न्यायमूर्ती कुणाकडं झुकले, साक्षी कुणाच्या घेतल्या, कुठला निकष कुठं लावला आणि कुठं सोडला. इथल्या चहाच्या टपरीवरचा माणूस सुद्धा सीमाप्रश्नावरचा लेख हातात आला की मजकुरावर जायच्या आधी लेखकाचं आडनाव बघतो, छापला पुण्यात की धारवाडात ते बघतो, आणि विचारतो, "कुणाचा माणूस हाय ह्यो?" माझाच लेख एखादा कन्नड मित्र असाच वाचणार आणि वाचावा त्यानं, मी मराठी घरातला आहे, माझं माप त्या बाजूला थोडं झुकतं हे त्याला माहीत असलेलं बरं. म्हणजे भाषेच्या बाबतीत ही विद्या आपल्याला आईच्या दुधातून आलेली आहे. तीच विद्या आपण सायन्सचा पेपर हातात घेतला की खुंटीला टांगतो. टेबल दिसलं, ग्राफ दिसला, इंग्रजी दिसलं, की संपलं. एकाच वर्षीचे दोन कागद, एकाला आपण कधीच मोकळं सोडलं नाही आणि दुसऱ्याला जगात अर्धं शतक कुणी विचारलं नाही तुझं भाडं कुणी भरलं म्हणून.

तंबाखूचं तर निपाणीकरांना मी काय सांगणार. १९८१ ला शरद जोशींबरोबर तंबाखूवाले शेतकरी रस्त्यावर बसले होते ते बघितलेली माणसं अजून आहेत तिथं. तंबाखूवर घर चालणाऱ्या माणसाला तंबाखू वाईट म्हणणं सोपं नसतं आणि मी त्याला दोष देत नाही. पण अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी केलं ते वेगळं. १९५४ च्या जानेवारीत चारशेवर वर्तमानपत्रांत जाहिरात दिली की तुमचं आरोग्य ही आमची जबाबदारी, आम्ही संशोधन करवून घेतो, आणि मग संशोधनासाठी समिती काढून पुढची कित्येक वर्षं शंका पिकवत बसले. १९९८ ला बार्न्स आणि बेरो या दोघींनी दुसऱ्याच्या सिगारेटच्या धुराविषयीचे १०६ आढावा लेख तपासले. त्यातल्या ३९ लेखांत धुरानं अपाय होत नाही असं लिहिलेलं, आणि त्या ३९ पैकी २९ लेखांच्या लेखकांचा तंबाखू उद्योगाशी संबंध होता. लेखाचा दर्जा, विषय, साल, सगळं लावून बघितलं, निष्कर्षाशी जुळलं ते एकच, लेखक कुणाचा. कुणाचा माणूस हाय ह्यो, बघा.

आता यावर एक प्रश्न येतोच आणि तो रास्त आहे, मग काय कंपनीच्या पैशाचं सगळं संशोधन कचऱ्यात टाकायचं? बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलनं २०१३ ला ठरवलं की तंबाखू कंपनीच्या पैशाचं काम आम्ही छापणारच नाही, पीएलओएस मेडिसिननं २०१० लाच तसं केलं होतं. तंबाखूपुरतं मला ते पटतं. पण सरसकट तसं केलं तर आमच्यासारख्या कॉलेजांत संशोधन बंदच पडेल, आम्हाला कारखान्याचा टँकर आणि लॅब नाही मिळाली तर खिशातून काय करणार, इथं एक पीएच मीटर घ्यायचं तर तीन कोटेशन आणि सहा महिने. शिवाय पैसा फक्त कंपनीकडूनच येतो असंही नाही. अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरचंच घ्या, १९९८ च्या लॅन्सेटमध्ये बारा मुलांवरचा त्याचा पेपर, गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर लस आणि ऑटिझम यांचा धागा जोडणारा. तो लस कंपन्यांच्या विरुद्ध बाजूला होता, गरिबांचा कैवारी वाटावा असा. निघालं काय, लस कंपन्यांवर दावा उभा करणाऱ्या वकिलाकडून त्याला पैसे येत होते, ते त्यानं जर्नलला सांगितलं नव्हतं, २००४ ला ब्रायन डिअर या पत्रकारानं ते बाहेर काढलं, रक्कम पुढं चार लाख पौंडांच्या वर गेली, मुलांच्या नोंदीही फिरवलेल्या निघाल्या. पेपर मागं घेतला २०१० ला. बारा वर्षं. तोवर त्या पेपरातून सुटलेला संशय जगभर फिरून आला होता. २०१७ च्या फेब्रुवारीत कर्नाटकात गोवर-रुबेला लसीची मोहीम सुरू झाली, पलीकडं कोल्हापूर बाजूला ती २०१८ च्या नोव्हेंबरात आली, आणि आमच्या गल्लीतल्या दोन घरांनी त्या दिवशी पोरं शाळेला पाठवली नव्हती, व्हॉट्सॲपवर काहीतरी आलं होतं म्हणून. त्या व्हॉट्सॲपचा बाप वेकफिल्डच होता असं मी म्हणणार नाही. पण लसीवर संशय घ्यायची जी वाट मळलेली होती ती मळवण्यात त्याच्या पायांचा वाटा मोठा आहे.

तर पैसा हा एक भाग झाला. आपल्याकडं मला त्याहून मोठा वाटणारा भाग म्हणजे नातं. जर्नलच्या फॉर्ममध्ये ग्रँट, मानधन, शेअर, पेटंट असं विचारतात, हा फॉर्म बोस्टन-लंडनच्या माणसासाठी केलाय, तिथल्या माणसाचं हित बँकेत असतं. आपलं हित कुठं असतं? गाईडच्या सहीत असतं. मॅनेजमेंटच्या मर्जीत असतं, कारण कॉलेज ज्या संस्थेचं, त्याच संस्थेच्या चेअरमनचा कारखाना, त्याच चेअरमनची बँक, आणि निवडणुकीला उभा राहणारा पण तोच, अशी गावं या पट्ट्यात शोधायला लांब जावं लागत नाही. मी एका जर्नलला पेपर पाठवला होता, नाव नको, तिथं संपादक म्हणजे एका कॉलेजचे प्राचार्य, संपादक मंडळात त्याच कॉलेजचे चार जण, आणि अंकातले निम्मे पेपर त्याच कॉलेजचे. रिव्ह्यू (म्हणजे दुसऱ्या अभ्यासकांनी केलेली तपासणी) किती दिवसांत आला? दोन. कमेंट काय? "गुड वर्क, फॉर्मॅटिंग करा", आणि खाली फी भरायचा क्यूआर कोड. लेखकाकडून तिथंही हितसंबंध नसल्याचं डिक्लेरेशन घेतात हं, सहीनिशी, स्कॅन करून. संपादकाकडून कुणी घेतं काय?

यूजीसीनं पण आधी पीएचडीला पेपर सक्तीचा केला, मग २०२२ ला ती सक्ती उठवली, मधल्या काळात चांगल्या जर्नलची केअर नावाची यादी तयार केली होती, मग २०२५ ला ती यादीच बंद केली आणि सांगितलं आता तुमचं तुम्ही ठरवा. ठरवतो की. पण प्रमोशनची फाईल ज्या टेबलावर जाते तिथं पेपर मोजले जातात, वाचले जात नाहीत, तोवर त्या शेवटच्या रकान्यात 'नन' च पडत राहणार, कारण खरं लिहिल्याचा फायदा शून्य आणि तोटा झाला तर आपलाच.

एक उलटा मुद्दा आहे तो टाळून पुढं जाता येणार नाही, कारण तो माझ्याच बाजूला खड्डा पाडतो. केन, लोवेनस्टाईन आणि मूर या तिघांनी २००५ ला एक प्रयोग छापला. बरणीत नाणी, एकानं लांबून बघून किंमत सांगायची, दुसरा जवळून बघून त्याला सल्ला देणार, पण सल्ला देणाऱ्याला समोरच्यानं जास्त किंमत सांगितली तर फायदा. काही गटांत हा फायदा आधीच जाहीर केला. वाटेल की जाहीर केल्यावर सगळं सरळ होईल, झालं उलटं. जाहीर केलेला सल्लागार जास्तच फुगवून सांगायला लागला, आता सांगून टाकलंय ना, मग ऐकणारा बघून घेईल, आणि ऐकणाऱ्यानं जितकं वजा करायला पाहिजे तितकं केलं नाही. आमच्याकडं दुकानदार सांगतो ना, "तुम्हाला सांगतो, मला यात कमिशन आहे, खरं माल एक नंबर," आणि आपण त्या मोकळेपणावरच भाळून माल घेतो, तसंच.

मग जाहीर करायचं सोडून द्यायचं काय? मी असं बघतो, त्या प्रयोगात ऐकणारा एकटा होता आणि त्याच्याकडं दुसरी चिठ्ठी नव्हती. पेपर एकटा वाचला जात नाही, त्याचे आढावे होतात, त्यावर दुसरे लोक प्रश्न विचारतात, आणि त्यांना संशय कुठं घ्यायचा हे कळायला ती ओळ लागते. अमेरिकेत २०१० च्या कायद्यामुळं औषध कंपन्यांनी कुठल्या डॉक्टरला किती दिले हे नाव टाकून कुणालाही बघता येतं. न्यूयॉर्कच्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होजे बासेल्गा २०१८ ला पायउतार झाले ते त्यामुळंच, पत्रकारांनी ती यादी एका बाजूला ठेवली आणि त्यांचे पेपर दुसऱ्या बाजूला, लाखो डॉलर पेपरात दिसेनात. म्हणजे 'नन' तिथंही लिहितात, आपल्यासारखेच. फरक एवढाच की तिथं बाहेरचा वजनकाटा आहे. आपल्याकडं औषध कंपन्यांसाठी २०२४ ला नवी आचारसंहिता आली, डॉक्टरांनी भेटवस्तू घेऊ नयेत हे तर २००९ पासून नियमात आहे, पण डॉक्टरचं नाव टाकून बघता येईल असं उघडं रजिस्टर नाही. आणि शेती, साखर, पाणी, सिमेंट या विषयांच्या प्राध्यापकांना तर कुणी विचारतच नाही, जसं काय हितसंबंध फक्त गोळ्यांनाच असतात.

माझी मागणी फार मोठी नाही. ती ओळ रेफरन्सच्या आधी बारीक टायपात पुरून ठेवू नका, ॲबस्ट्रॅक्टच्या, म्हणजे सुरुवातीच्या सारांशाच्या, खाली आणा, कारण आपल्यातले बहुतेक जण ॲबस्ट्रॅक्टच वाचतात आणि पेपर वाचला म्हणतात, मी पण. 'नन' असा एका क्लिकचा पर्यायच ठेवू नका, लेखकाला वाक्य लिहू दे, टँकर कुणाचा, लॅब कुणाची, घरात सभासद कोण. संपादक आणि रिव्ह्यूवरनं पण तेच लिहावं आणि अंकात छापावं. आणि विद्यापीठांनी आपापल्या लोकांचं असं एक रजिस्टर वेबसाईटवर ठेवावं, बाहेरचा काटा म्हणून. यानं सगळे प्रामाणिक होतील असा भाबडेपणा माझ्यात नाही. पण मीठ-मर्यादेत वालं वाक्य लिहिताना वर आपल्याच हातानं टँकर फुकटचे होते असं छापलेलं असतं, तर माझा हात तिथं जरा अडखळला असता असं मला वाटतं.

मागच्या पावसाळ्यात मी त्या जुन्या पेपरच्या जर्नलला मेल पाठवली, डिक्लेरेशन दुरुस्त करायचंय म्हणून. गाईड सरांना आधी फोन केला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तुला करायचं ते कर, माझं नाव त्यात घालायच्या आधी एकदा दाखव." दाखवलं. त्यांनी 'सल्लागार' खोडून 'अनौपचारिक सल्ला' केलं. मी ठेवलं तसंच. जर्नलचं उत्तर आलं की करेक्शन छापायला वेगळी फी पडेल.

बाबांना सांगितलं तेव्हा ते विळ्याला धार लावत होते. "म्हणजे पेपर खोटा झाला काय तुझा?"

"नाही. खरं आपण सभासद आहोत हे सांगायचं राहिलं होतं."

"त्यात काय लपवायचं? सगळ्या गावाला माहीत हाय की," म्हणाले, आणि मग थोड्या वेळानं, "त्या तिसऱ्या तुकड्यात औंदा बी उगवण कमीच हाय बघ. जरा माती न्हे, खरं कारखान्यात नको देऊ."

आता नवा पेपर टाकलाय, त्याच तुकड्याचा. डिक्लेरेशनमध्ये पाच ओळी लिहिल्या, सवलतीच्या साखरेसकट. एका रिव्ह्यूवरची कमेंट आलीय, साखरेचं वाक्य अनावश्यक आहे, काढून टाकावे. मी काढलं नाही, उत्तरात तसं कळवलं. अजून निर्णय आलेला नाही.